पाच अंकी ‘एकच प्याला’: नागपुरातल्या एका हौशी संस्थेचं प्रकरण

नागपुरातली एक हौशी नाट्यसंस्था बरीच वर्षं ‘एकच प्याला’चा तीन तासांचा प्रयोग करत आली आहे. राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने तो कधीकाळी बसवला गेला आणि मग गणेशोत्सवात, शारदोत्सवात, कुणाच्या तरी स्मृतिदिनाला होत राहिला. नट बदलले, पेटीवाले बदलले, सिंधू तर कितीदा बदलली. संहिता मात्र तीच: जुन्या दिग्दर्शकांनी काटछाट केलेल्या पुस्तकाची, चहाचे डाग पडलेली झेरॉक्स. मग संस्थेत नव्या आलेल्या दिग्दर्शिकेने ठरवलं की या वेळी गडकऱ्यांनी लिहिलं तसं सगळं करायचं, पाचही अंक, एकही प्रवेश न गाळता.

संहितेचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे आधी छापील प्रती ताडून पाहायच्या आणि नंतर तालमीत पुस्तक धरून बसायचं. जुनी नाटकं मुळातून करू पाहणाऱ्या संस्थांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. संस्थेचं आणि माणसांचं नाव मुद्दामच घेत नाही.

गोष्ट आधी थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी भांडणं तिच्यावरून आहेत. सुधाकर हुशार वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते, आणि अपमानाच्या त्या दिवसांत त्याचा कारकून तळीराम त्याला पहिला प्याला पाजतो. तिथून उतरण. बायको सिंधू दळण दळून घर चालवते, भाऊ पद्माकर न्यायला आला तरी माहेरी जात नाही. मधे एकदा सुधाकर दारू सोडतो, नोकरीसाठी दारोदार फिरतो, पुन्हा अपमान आणि पुन्हा बाटली. शेवटी त्याच्या हातून तान्हं मूल जातं, सिंधूही जाते, आणि जाताना नवऱ्याला वाचवण्यासाठी पोलिसांपुढे खोटं बोलून जाते. सुधाकर विष घेतो.

एवढंच नाटक तीन तासांत व्हायचं. आणि हे अर्धंच नाटक आहे. उरलेल्या अर्ध्यात सुधाकरची बालविधवा बहीण शरद आहे, तिचा सांभाळ करणारा सुधाकरचा मित्र रामलाल आहे आणि रामलालनेच दारूतून बाहेर काढलेला भगीरथ आहे. भगीरथ आणि शरद यांचं मन जुळू लागतं, आणि जिला मुलीसारखं वाढवलं तिच्याबद्दल आपल्या मनात काय दडलंय हे रामलालच्या लक्षात येतं. आमच्या झेरॉक्समध्ये रामलाल फक्त उपदेश करायला येई. शरद जवळजवळ नव्हतीच.

मूळ कुणाचं?

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले, तेही इथेच, आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला. वय जेमतेम तेहेतीस. गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्याला केला तो २० फेब्रुवारी १९१९ रोजी. नाटककाराला आपलं नाटक उभं राहिलेलं पाहायला मिळालंच नाही. नाटकातली पदं त्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. पहिली सिंधू बालगंधर्वांची आणि सुधाकर गणपतराव बोडसांचा.

ही माहिती संस्थेत सगळ्यांनाच होती, पण मूळ प्रयोग करायचा म्हटल्यावर तिचे तीन वेगवेगळे अर्थ निघाले. ऑर्गन वाजवणारे काका म्हणाले, मूळ म्हणजे बालगंधर्व. त्या ध्वनिमुद्रिकांतल्या जागा आल्या नाहीत तर कसलं मूळ? त्यांचं आयुष्य ‘कशि या त्यजूं पदाला’ची साथ करण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला वजन होतं. भगीरथ करणारा मुलगा अगदी दुसऱ्या टोकाला गेला. पदं गडकऱ्यांची नाहीत, मग गडकऱ्यांचं मूळ म्हणजे निव्वळ गद्य, सगळी गाणी काढा. दिग्दर्शिकेला छापील पाच अंक हवे होते, पदांसकट, पण पदाने प्रवेशाचा गळा दाबू नये अशा बेताने.

या वादात बऱ्याच तालमी गेल्या. मला विचाराल तर गद्याचा मुद्दा ऐकायला तल्लख आणि करायला चुकीचा होता. हे नाटक संगीत मंडळीच्या रंगमंचावर आलं, लोकांनी ते गाण्यांसकट स्वीकारलं, आणि पदांच्या जागा प्रवेशात इतक्या मुरलेल्या आहेत की गाणं काढलं की तिथे भगदाड पडतं. पद्माकर न्यायला आलेला असताना सिंधू ‘कशि या त्यजूं’ गाते. ते काढून नुसतं ‘मी येत नाही’ म्हणवलं तर तिच्या नकाराला वेळच मिळत नाही. पण काकांच्या मुळातही गोम होती. ज्याला ते मूळ म्हणत होते ती मैफल होती. मैफलीत सिंधूची गरिबी, दारातला भाऊ, पाळण्यातलं मूल हे सगळं गवयाला टाळ्या पडेपर्यंत ताटकळत थांबतं.

तोडगा निघाला तो असा. सगळी पदं ठेवायची, चाली रूढ असलेल्याच, पण धृपद आणि अंतरा एकेकदा. ताना नाहीत आणि वन्स मोअर घ्यायचा नाही. काकांनी हे मान्य केलं, पण मनापासून नाही. नांदीला मात्र त्यांना हवा तेवढा वेळ दिला, आणि त्यांनी तो घेतला.

हक्कांबद्दलही सांगतो, कारण बऱ्याच संस्था इथे घाबरतात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. गडकऱ्यांची संहिता कधीच मोकळी झाली होती. गुर्जर १९६२ साली गेले, त्यामुळे पदांचे शब्द २०२२ संपेपर्यंत हक्कात होते आणि २०२३ पासून तेही मोकळे झाले. संहिता मोकळी असली तरी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतंच. संस्थेकडे होतं ते कापलेल्या संहितेचं, म्हणून पूर्ण नाटक नव्याने टाइप करून पाठवावं लागलं. नुसत्या टायपिंगलाच किती दिवस गेले ते टाइप करणाऱ्या आमच्या गीतेला विचारा.

समासातल्या नोंदी

छापील प्रतींमध्ये मोठे फरक सापडले नाहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर ‘नाहीं’, ‘त्यांत’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार गेले, विरामचिन्हं सुटसुटीत झाली, क्वचित एखादा शब्द इकडचा तिकडे. तरी मी नटांना जुन्या छपाईची प्रत वापरायला लावली. गडकऱ्यांचं वाक्य पाच-सहा ओळी चालतं आणि जुन्या प्रतीतले अर्धविराम नटाला श्वास कुठे घ्यायचा ते सांगतात. सुधाकर करणाऱ्याला पहिल्या वाचनात दम लागायचा. अर्धविरामावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारून दिल्यावर तीच वाक्यं त्याच्या तोंडात बसली.

खरा फरक होता पुस्तक आणि आमची झेरॉक्स यांच्यात. झेरॉक्सवर काटा मारणारे हात वेगवेगळे होते, हे शाईवरून आणि अक्षरावरून दिसत होतं. आम्हाला वाटत होतं की जुन्या जाणत्या दिग्दर्शकांनी नाटकाचा गाभा ओळखून फापटपसारा काढला असेल. समासातल्या नोंदी वाचल्या आणि हा समज गेला. एका प्रवेशापुढे ‘वेळ’ एवढंच लिहिलं होतं, म्हणजे स्पर्धेची वेळमर्यादा. आर्य मदिरा मंडळाच्या, म्हणजे तळीरामाच्या दारूबाज टोळीच्या, प्रवेशात दोन पात्रं गाळली होती आणि पुढे लिहिलं होतं, ‘माणसं कमी’. रामलालच्या एका मोठ्या स्वगतापुढे एका नटाचं आडनाव आणि ‘पाठ होत नाही’. आणि शरदच्या पहिल्या मोठ्या प्रवेशाला आडवी रेघ मारून पुढे लिहिलं होतं, ‘मुलगी मिळाली नाही’.

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं काही असेल तर ते या समासात आहे. त्या वर्षी शरद करायला मुलगी मिळाली नाही म्हणून शरद गेली. शरद गेली म्हणून भगीरथाला काम उरलं नाही. दोघं गेल्यावर रामलालची तगमग कुणापुढे आणि कशासाठी, म्हणून तीही गेली. उरला तो दारूड्या नवरा आणि सोशिक बायको यांचा करुण खेळ. पुढच्या पिढीने तोच ‘एकच प्याला’ म्हणून पाहिला आणि नाटक एकसुरी आहे, रडकं आहे अशी टीकाही केली. ती टीका गडकऱ्यांच्या पदरात पडली, खरं तर ती एका वर्षीच्या नटसंचाची होती.

पडद्याचं गणित

पूर्ण नाटकाचं पहिलं वाचन सावनेरला झालं. पाच तासांच्या वर गेलं, मधला चहा धरून. परतताना कोराडीपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग तळीराम करणारे भाऊ म्हणाले, “एवढं लंबं नाटक कोन पाह्यते बावा आता?” प्रश्न रास्त होता.

उत्तराचा एक भाग पूर्वेकडून आला. नागपूरपासून अडीच-तीन तासांवर, वडसा-देसाईगंजच्या पट्ट्यात, झाडीपट्टीची मंडळं दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत गावोगाव रात्रभराची नाटकं करतात आणि लोक पहाटेपर्यंत बसतात. नागपूरकर रंगकर्मी झाडीपट्टीकडे जरा वरून पाहतात, हे मान्य करायला हरकत नाही. दिग्दर्शिका मात्र तिकडे जाऊन दोन रात्री विंगेत बसून आली आणि येताना तिथला एक रंगमंच कामगार या प्रयोगापुरता सोबत घेऊन आली. त्याने आमच्या तालमीत एक पूर्ण अंक पाहिला आणि विचारलं, “भाऊ, तुम्ही हर प्रवेशाले अंधार कायले करता?”

आम्ही अंधार करत होतो कारण आम्हाला तेवढंच माहीत होतं. सुधाकरच्या घरातून दारूच्या गुत्त्यात जायचं तर दिवे मालवायचे, काकांनी ऑर्गनवर काहीतरी वाजवायचं, पोरांनी अंधारात टेबलं ओढायची. जुन्या मंडळ्यांची रीत वेगळी होती. त्यांच्याकडे रंगवलेले, वरून सोडायचे पडदे असत. रस्त्याचा पडदा पुढे सोडला की त्याच्यापुढे दोन-चार माणसांचा उथळ प्रवेश चालायचा आणि त्याच वेळी मागे पुढच्या खोल प्रवेशाची मांडामांड व्हायची. पडदा उचलला की नवं घर तयार. नाटककार हे डोक्यात ठेवूनच लिहीत असत.

मग मी पाचही अंकांचे प्रवेश एका मोठ्या कागदावर मांडले. कोणता पडद्यापुढे होऊ शकतो आणि कोणत्याला पूर्ण रंगमंच लागतो. झेरॉक्समध्ये पसारा म्हणून गेलेले बरेच प्रवेश पडद्यापुढचे निघाले. दोन माणसं रस्त्यात भेटतात, बोलतात, जातात. तळीरामाच्या आजारपणात वैद्य आणि डॉक्टर यांची जुंपते तो प्रवेश लोक निव्वळ हास्याची फोडणी समजतात. तोही आमच्या मांडणीत पडद्यापुढे बसला, आणि मागे सुधाकरचं उजाड घर शांतपणे मांडता आलं. प्रवेश गाळले तेव्हा नाटकाचं सांधकाम गेलं होतं, आणि त्याची भरपाई आम्ही इतकी वर्षं अंधाराने करत होतो.

दोन पडदे रंगवून घेतले, महालातल्या चितार ओळीतून. देखावे रंगवणाऱ्या पेंटरला रस्ता रंगवायचा म्हटल्यावर त्याने आधी थेट सिमेंट रोड आणि मेट्रोचे खांब काढले होते, ते पुसून जुनी घरं आणि दिव्याचा खांब काढून घेतला. पडद्यांमुळे अंधाराच्या सगळ्या जागा गेल्या आणि प्रयोग चार तास चाळीस मिनिटांवर आला. पदं आखूड झाली त्याचाही यात वाटा होताच.

झाडीपट्टीतून आणखी एक गोष्ट घेतली: प्रॉम्प्टर. शहरात प्रॉम्प्टर लागणं ही नामुष्की समजली जाते, तिकडे ते मानाचं काम आहे. पाच अंकी गडकरी नोकरीधंदा सांभाळून शब्दन्‌शब्द पाठ करणं सोपं नाही. मी विंगेत पुस्तक घेऊन उभा राहिलो, उघडपणे, आणि नटांच्या मनावरचा ताण निम्मा झाला. अडले फार कमी.

रामलालचा प्याला

तालमीत सगळ्यात जास्त वेळ रामलालच्या प्रवेशांना लागला आणि तो सार्थकी लागला असं मी म्हणेन. तीन तासांच्या प्रयोगात रामलाल म्हणजे बोधाची पाटी: शुद्ध, संयमी, दारूच्या थेंबाला न शिवलेला. पूर्ण संहितेत हाच माणूस स्वतःच्या पोरक्या पाल्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो आणि ते स्वतःपासून लपवण्यासाठी तत्त्वज्ञानाचा आधार घेतो. भगीरथाला दूर करण्यासाठी तो जे बोलतो ते वरून कर्तव्यासारखं ऐकू येतं. मग सुधाकर ज्या युक्तिवादांनी प्याला उचलतो त्याच जातीचे युक्तिवाद रामलालच्या तोंडी दिसू लागतात. फरक इतकाच की रामलाल वेळीच सावरतो. हे दोन पदर शेजारी ठेवले की नाटक दारूपुरतं राहत नाही. माणूस स्वतःला कसा फसवतो याचं होतं. सुधाकर रामलालला व्यसनाच्या पायऱ्या समजावून सांगतो ते लांबलचक भाषण तेव्हा वेगळं वाजतं, कारण ऐकणारा आता निव्वळ उपदेशक उरलेला नसतो.

हे म्हणताना एक भान ठेवतो. गडकऱ्यांनी सगळं अचूक तोललं आहे असं नाही. शरद-भगीरथाचे काही प्रवेश पुस्तकी आहेत, कोट्यांचा मोह आवरलेला नाही. मदिरा मंडळातले काही विनोद आज कुणालाही कळत नाहीत, आणि काही कळतात ते नको वाटतात. पण आम्ही गाळलं होतं ते याच्यापैकी नव्हतं.

सिंधूचा प्रश्न वेगळाच. ती करणारी मुलगी शाळेत शिकवते. शेवटच्या प्रवेशात मरता मरता नवऱ्यासाठी खोटं बोलायचं, यावर ती अडली. दिग्दर्शिकेने सांगितलं की वाक्य बदलणार नाही, मूळ करायचं ठरलंय. तिचं म्हणणं, “वाक्य म्हणते मी ताई. पण देवीसारखं चेहऱ्यावर तेज बिज आणून नाही म्हणणार.” तिने ते सरळ, कोरडं म्हटलं, फौजदाराकडे बघून. सुधाकरकडे पाहिलंच नाही. तालमीत पहिल्यांदा तसं झालं तेव्हा सुधाकर करणारा गडबडला, कारण त्याला तिच्या नजरेची सवय होती. पुढे त्या न पाहण्यावरच त्याचं शेवटचं भाषण उभं राहिलं. शब्द शंभर वर्षांपूर्वीचाच राहिला. मला हा तोडगा वाक्य गाळण्यापेक्षा प्रामाणिक वाटतो, पण संस्थेतल्या दोन ज्येष्ठांना तो अजून पटलेला नाही. सिंधूचं पावित्र्य गेलं असं ते म्हणतात.

वेळ, पैसा, वडाभात

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन, तेव्हा नागपुरात सगळंच अडलेलं. मार्चनंतर ऊन. म्हणून जानेवारीतला रविवार धरला. धनवटे रंगमंदिर होतं तेव्हाच्या आठवणी ज्येष्ठ मंडळी अजून काढतात, पण ते गेलं. देशपांडे सभागृह आणि रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह आमच्या प्रेक्षकसंख्येला फार मोठी. मध्यम आकाराचं एक सभागृह दोन सत्रांसाठी घेतलं. सकाळी साडेदहाला तिसरी घंटा, दुसऱ्या अंकानंतर जेवण, मग उरलेले तीन अंक. जेवणाचे पैसे तिकिटातच धरलेले. वडाभात, ताक, वर हिंगाचं तेल. संगीत नाटकाच्या जाहिरातीत वडाभाताचा उल्लेख केल्याबद्दल काही जणांनी नाकं मुरडली, पण बुकिंगच्या टेबलावर लोक आधी तेच विचारत होते.

पैशाच्या बाजूला मात्र एक पेच पडला. संस्थेचे तीन तासांचे प्रयोग चालत ते बहुतेक व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांना. वर्धा दारूबंदीचा जिल्हा, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. या भागात दारूविरोधी नाटकाला कायम मागणी असते आणि मानधन वेळेवर मिळतं. अशाच एका आयोजकांनी पूर्ण प्रयोगालाही हातभार लावायची तयारी दाखवली. संहिता वाचल्यावर त्यांनी सांगितलं की रामलालचं ते सगळं काढा, लोकांचा गोंधळ होईल, दारू न पिणाराही घसरतो असा संदेश जाईल. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. संस्थेने पैसे नाकारले. सभासदांकडून वर्गणी काढली, कपडेपट उसना आणला, ऑर्गनची दुरुस्ती काकांनी स्वतःच्या खिशातून केली.

प्रयोगाला सभागृह पाऊण भरलं. जेवणानंतर काही खुर्च्या रिकाम्या झाल्या, विशेषतः पुढच्या रांगांतल्या. गाण्याचे शौकीन नाराज होते. एक गृहस्थ मध्यंतरात तिकीट खिडकीशी येऊन म्हणाले, “गाणं ऐकायला आलो होतो जी. तुम्ही सुरू केलं की बंदच करता.” उलट, मागच्या रांगांतली कॉलेजची मुलं पहिल्या दोन अंकांत चुळबुळत होती ती जेवणानंतर, शरद आणि रामलालच्या प्रवेशांत, गप्प बसून पाहत होती. वैद्य-डॉक्टरांच्या भांडणाला सभागृह कोसळलं. शेवटाला टाळ्या उशिरा आल्या. हिशेब पूर्ण जुळला नाही, तूट राहिली, पण घाबरण्याइतकी नाही.

दुसरा प्रयोग सावनेरला झाला. तिथला रंगमंच लहान, पडद्यांना उंची पुरेना, एक पडदा गुंडाळून अर्धाच सोडावा लागला. गर्दी नागपूरपेक्षा बरी होती.

यानंतर दिग्दर्शिकेने स्वतःच छाटायला घेतलं. पूर्ण प्रयोग वर्षातून एखादा होईल, एरवी नाटक सभागृहाच्या एका सत्रात बसायला हवं, हे तिलाही मान्य होतं. या वेळची काट मात्र उलट्या बाजूने झाली. तिचा नियम सोपा होता: प्रवेश गाळायचा नाही, प्रवेशाच्या आत छाटायचं. सुधाकरची लांब भाषणं निम्मी केली. पद्माकरचे पुनरुक्तीचे संवाद काढले. मदिरा मंडळातल्या आज न लागणाऱ्या कोट्या गेल्या, पण शास्त्री आणि खुदाबक्ष ही मंडळातली दोन्ही पात्रं राहिली. शरद, भगीरथ, रामलाल यांना जवळजवळ हात लावला नाही. पडद्यापुढचे प्रवेश सगळे राहिले, कारण त्यांच्याशिवाय मागची मांडामांड होत नाही. प्रयोग तीन तास पंचवीस मिनिटांवर आला, म्हणजे आधीच्या झेरॉक्सपेक्षा पंचवीसच मिनिटं जास्त. त्यात तीन माणसांचं अख्खं दुसरं नाटक परत आलं होतं.

ही नवी संहिताही परिनिरीक्षणासाठी पाठवली आहे. प्रत्येक काटेपुढे कारण आणि तारीख लिहायची असं ठरवलं, आणि ‘माणसं कमी’ हे कारण असेल तर ती काट त्या प्रयोगापुरतीच धरायची. काकांनी पदांच्या बाबतीत एक सवलत मिळवली आहे: ‘कशि या त्यजूं’चा अंतरा दोनदा. व्यसनमुक्तीवाल्या आयोजकांना ही नवी संहिता देऊ केली आहे, रामलालसकट आणि त्याच मानधनात. त्यांनी वाचायला मागवली आहे.